तेजराव सांबराची बुटकी गाडी

एका जंगलात एक डांबरी रस्ता होता.

हसू नका. जंगलात डांबर कुठून आलं, असं विचारायचं नाही. गोष्टीत कोल्हा बोलला तर तुम्हाला चालतं, आणि डांबर म्हटलं की लगेच भुवया वर जातात. रस्ता होता म्हणजे होता. नवा होता, गुळगुळीत होता, आणि म्हणूनच फार दिवस तसा राहणार नव्हता.

कारण त्या जंगलात एक रीत होती. ज्याचं घर रस्त्याला लागून असेल, त्याने आपल्या दारासमोर एक ब्रेकर घालायचा. पहिला ब्रेकर म्हणे कुणाची तरी शेपटी चाकाखाली आली म्हणून घातला होता. शेपटी कुणाची, ते आता कुणाला आठवत नाही. ब्रेकर मात्र राहिला. मग शेजाऱ्याच्या मनात आलं, याच्या दारात आहे आणि माझ्या दारात नाही, म्हणजे मी काय वाऱ्यावर पडलोय?

झालं. अस्वलाने घातला. रानडुकराने अस्वलापेक्षा वीतभर उंच घातला. साळिंदराने आपल्या ब्रेकरवर पांढरे पट्टे ओढून घेतले. सशानेही घातला, सशाच्या मापाचाच, पण पाठोपाठ दोन. ज्याचा मान मोठा, त्याचा ब्रेकर उंच. मुलीचं स्थळ बघायला कुणी आलं तर आधी दारातला ब्रेकर बघायचे आणि मग घर.

आता याच जंगलात तेजराव नावाचा एक सांबर राहायचा. तरणाबांड, देखणा, आणि डोक्यावर शिंगांचा असा पसारा की दोन घरांचं वाळवण त्यावर सहज पडलं असतं. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ते खरं आहे. पण तेजरावासमोर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या शिंगांपायी तेजरावाची मान कायम ताठ. ती थोरामोठ्यांपुढे वाकत नसे, देवापुढे वाकत नसे, आणि पाण्यापुढेही वाकत नसे. बाकीचे प्राणी ओढ्याच्या काठावर उभे राहून, मान खाली घालून पाणी पितात. तेजराव ओढ्यात इतका आत जाऊन उभा राहायचा, की पाणी आपोआप तोंडाशी यायचं. थंडीच्या दिवसांत सर्दीने बेजार व्हायचा. पण मान ताठ.

अशा या तेजरावाचं मन इंदूवर जडलं. इंदू म्हणजे आबासाहेब सांबरांची मुलगी. आबासाहेब जंगलाचे कारभारी, रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला टेकडीखाली राहायचे. इंदूलाही तेजराव आवडायचा. का आवडायचा, ते तिलाच माहीत. शिंगं आवडली असतील. भल्याभल्या शहाण्या मुली शिंगांना भुलतात.

तेजरावाने पंतांना मध्यस्थ घातलं. पंत म्हणजे भारद्वाज पक्षी. त्याचं दर्शन शुभ असतं, म्हणून जंगलातली सगळी लग्नं तोच जमवायचा आणि सगळ्यांच्या घरचं पोटभर खायचा.

पंत जाऊन आले आणि फांदीवर बसून म्हणाले, "आबासाहेबांना स्थळ पसंत आहे. मान पसंत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणाले, ज्याची मान वाकत नाही, त्याला माझी मुलगी नाही. संसार म्हणजे सारखं वाकणं आहे. पौर्णिमेला पोहे खायला बोलावलंय. त्या दिवशी ते काय तो निकाल देणार. नाही म्हणाले, तर इंदूला सोपानच्या घरी देणार."

हा सोपानही सांबरच. शिंगं बेताची, गाडीघोडा काही नाही. पायी चालायचा आणि दिसेल त्याला वाकून नमस्कार करायचा. मुंगी आडवी गेली तरी थांबायचा. पण रोजच नमस्कार करतो म्हटल्यावर त्याच्याकडे कोण बघणार? घरात पंखा फिरत असला तर आपण काय मान वर करून बघत बसतो का?

पंत म्हणाले, "तेजराव, एकदाच वाका. पोहे येईपर्यंत. पुढचं पुढे."

"पंत, प्राण गेला तरी ते जमायचं नाही," तेजराव म्हणाला. पण इंदू सोपानच्या मागून पायी चालते आहे, असं चित्र त्याला दिसायला लागलं.

मग त्याने काय केलं? तुम्ही म्हणाल, आरशासमोर उभं राहून वाकण्याचा सराव केला. तुम्ही लहान आहात. मोठी माणसं अशा वेळी गाडी घेतात.

जंगलाच्या वेशीवर माकडाचं शोरूम होतं. तिथे एक लालभडक गाडी होती. तेजरावाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही एवढीच आहे, की अजून जमिनीतून वर यायची आहे?"

"उंची हीच, साहेब," माकड म्हणाला. "मोठ्या लोकांच्या गाड्या बुटक्याच असतात. उंच गाडीतून काय, टोमॅटोसुद्धा जातात."

हे तेजरावाला पटलं. न पटायला झालंय काय, त्यात 'मोठे लोक' हे शब्द होते. त्याने गाडी घेतली. छत उघडं ठेवलं, शिंगं वर आकाशात, आणि बाकीचा तेजराव खाली.

तेजराव गाडी शिकला होता मामाच्या जुन्या जीपवर. जीपला वळ म्हटलं की ती आधी विचार करायची आणि मग वळायची. ही नवी गाडी विचारच करत नव्हती. तेजरावाला नुसती शिंक आली आणि गाडी करवंदीच्या जाळीत. वळण आलं की जीप एका अंगाला कलंडायची आणि मामा कुलदैवताला नवस बोलायचे. ही मात्र घोरपडीसारखी रस्त्याला चिकटून जायची, आणि पोटात गुदगुल्या व्हायच्या त्या वेगळ्याच. तेजराव एकटाच हसायचा. तेवढ्यापुरता खरोखर आनंदात असायचा, खोटं कशाला बोलू.

पण रस्त्यातला खडा न खडा पाठीला कळायचा. आणि दिसायचं काय, तर पाय. आजवर तेजरावाने सगळ्यांना वरून पाहिलं होतं, त्यामुळे त्याला फक्त टाळकी माहीत होती. आता काचेतून सगळ्यांचे गुडघे समोर यायचे. नीलगाय एका पायाने लंगडते, हे त्याला तेव्हा कळलं. ती कितीतरी वर्षं लंगडत होती.

सगळ्यात अवघड काम उतरण्याचं. आसन इतकं खाली की पाय पुढे पसरलेले आणि बूड रस्त्याला लागलेलं. सरळ उभं राहायची सोयच नाही. आधी कुशीवर वळायचं. मग पुढचे दोन पाय बाहेर टाकून गुडघे टेकायचे. मग मान खाली घालून शिंगं जमिनीला लावायची आणि त्यांच्या आधाराने उरलेला माल बाहेर ओढायचा. तेजराव हे अंगणात कुणी नाही असं बघून करायचा.

पौर्णिमा आली. तेजरावाने शिंगांना तेल लावलं, गाडी पुसली आणि निघाला. त्याच्या मनात होतं, गाडी बघून आबासाहेबांचे डोळे दिपतील आणि मानेचा विषयच निघणार नाही.

आजवर गाडी वेशीकडच्या मोकळ्या रस्त्यावरच फिरली होती. आता पहिलाच ब्रेकर गोदाक्का अस्वलाचा. गाडीचं नाक चढलं आणि खालून खर्रर्र असा आवाज आला. तो आवाज गाडीच्या पोटातून आला खरा, पण कळ तेजरावाच्या पोटात गेली. त्याने गाडी थांबवली. आतून ब्रेकर दिसत नव्हता. उतरून बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

तो कुशीवर वळला. गुडघे टेकले. मान खाली घातली, शिंगं रस्त्याला लावली आणि गाडीखाली डोकावून बघायला लागला. पण ब्रेकर होता गोदाक्काच्या दारासमोर. त्यामुळे तेजराव दिसत होता तो गोदाक्काच्या उंबऱ्यापुढे नाक घासताना.

ओट्यावर मोहाची फुलं निवडत बसलेल्या गोदाक्काच्या हातातलं सूप खाली पडलं. "तेजराव? अरे बाळा, ऊठ. माझ्यासारख्या म्हातारीच्या दारात एवढं कशाला?"

तेजरावाने खालूनच विचारलं, "गोदाक्का, गाडी तिरकी काढतो. जरा त्या बाजूने बघता का?"

आता मुलांनो, गाडी कुणाचीही असो, तिला 'येऊ द्या, येऊ द्या' करायला मिळणं ही आपल्याकडे केवढी प्रतिष्ठेची गोष्ट आहे, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. गोदाक्काने पदर खोचला. "येऊ दे. येऊ दे. थोडी डावीकडे. आता थांब. हां, येऊ दे." गाडी तिरकी होऊन, एकेक चाक उचलत, न घासता पलीकडे गेली. गोदाक्काने तेजरावाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "आजवर या दारावरून गेलास, पण कधी थांबला नाहीस. आज थांबलास. बरं वाटलं हो."

फांदीवरून हे पंतांनी पाहिलं आणि ते पुढे उडाले. पक्ष्याच्या पोटात बातमी राहिली तर त्याला उडता येत नाही.

पुढे खंडू रानडुकराचा ब्रेकर. तो वीतभर जास्त उंच. गाडी अर्धी चढली आणि पोटावर टेकून बसली. तेजराव पुन्हा कुशीवर, पुन्हा गुडघ्यांवर, पुन्हा शिंगं जमिनीला. खंडू दारात उभा होता. त्याने हे पाहिलं आणि त्याचे बारीक डोळे भरून आले.

"तेजराव, माझ्या नातवाच्या बारशाला तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंही नव्हतं. मी ते मनात धरून ठेवलं होतं. आज तुम्ही माझ्या दारात असं..."

कुठलं बारसं, ते तेजरावाला काही आठवेना. पण गाडी मागून उचलायला खंडूच लागणार होता. "चुकलंच माझं, खंडूदादा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. खंडूने मुसंडी लावून गाडी अशी उचलली की ती अलगद पलीकडे गेली.

सशाकडे दोन ब्रेकर. मधल्या जागेत गाडीचं नाक एकावर आणि शेपूट दुसऱ्यावर. तेजराव मान जमिनीला लावून अंदाज घेत होता, तेवढ्यात सशाची पिल्लं त्याच्या शिंगांवर चढली आणि झोके घ्यायला लागली. त्याला मान हलवता येईना. तो म्हणाला, "सावकाश रे, पडाल." हे त्याला स्वतःलाच नवीन होतं.

असं करत करत तेजराव निघाला. प्रत्येक दारात उतरला, प्रत्येक दारात गुडघे टेकले, प्रत्येक दारात 'येऊ द्या, येऊ द्या' झालं. कुठे ताक, कुठे पाणी, कुठे बोरं. पोहोचेपर्यंत ऊन कलायला आलं.

आबासाहेबांचा ब्रेकर सगळ्यात उंच. त्याला ब्रेकर म्हणणं म्हणजे टेकडीला उंचवटा म्हणण्यासारखं. गाडी त्याच्या माथ्यावर गेली आणि अडकली. पुढची चाकं हवेत, मागची चाकं हवेत. तेजरावाने दार उघडलं, सवयीने कुशीवर वळला, आणि उतारावरून घसरत गेला तो थेट आबासाहेबांच्या पायाशी. चारी पाय पसरलेले, शिंगं त्यांच्या खुरांना टेकलेली.

आबासाहेब म्हणाले, "पंतांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पंत थापा मारतात. एवढ्या मोठ्या गाडीतून आलेला मुलगा प्रत्येक दारात उतरून उंबऱ्याला नमस्कार करतो? पण आता डोळ्यांनी बघितलं. नमस्कार आम्हीही केले, पण साष्टांग कुणी केला नाही. उठा, तेजराव."

तेजराव उठला. त्याचे गुडघे सोलवटले होते, त्यामुळे तो जरा वाकूनच उभा राहिला. तेही आबासाहेबांच्या नजरेतून सुटलं नाही.

पोहे घेऊन इंदू आली. तिने आधी ब्रेकरवर लटकलेली गाडी पाहिली. वाकून गाडीच्या पोटावरचे ओरखडे पाहिले. मग तेजरावाचे गुडघे पाहिले. आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली.

आबासाहेब पाणी आणायला आत गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "नमस्कार होता की गाडी घासत होती?"

तेजरावाने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं म्हटलं असतं तर सहज खपलं असतं. पण एवढ्या दारांतलं ताक पोटात गेल्यावर त्याला ते जड वाटायला लागलं. "घासत होती," तो म्हणाला.

"मग मला काय सांगता? आबांना सांगा."

"ते नाही म्हणतील."

"म्हणू देत. तुम्ही सांगणार असाल तर मी आहे. सांगणार नसाल तर सोपानराव बरे, ते निदान पायी चालतात."

आबासाहेब बाहेर आले. तेजराव म्हणाला, "आबासाहेब, एक खरं सांगायचं आहे. मी कुणाला नमस्कार केला नाही. गाडी बुटकी आहे. खाली घासते की काय ते बघायला वाकत होतो. तुमच्या पायाशी तर घसरून पडलो."

आबासाहेबांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि फांदीवरच्या पंतांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत, पंत? केल्या नमस्काराचं श्रेयसुद्धा घ्यायला तयार नाही. म्हणतो घसरलो. अहो, याला म्हणतात विनय. मुहूर्त काढा."

लग्न थाटात झालं. आहेरात आबासाहेबांनी जावयाला नवी जीप दिली. उंच, काळी, चार चाकांवर घर उभं केल्यासारखी. तेजराव हरखला. लाल गाडी गोठ्यात गेली. दुसऱ्याच दिवशी तो जीप घेऊन निघाला आणि सगळ्या ब्रेकरवरून धडधड करत, कुठेही न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पुन्हा सगळ्यांची फक्त टाळकी दिसायला लागली.

गोदाक्का गुळाचा खडा घेऊन ओट्यावर उभी होती. ती तशीच उभी राहिली.

"लग्न झालं की सगळे बदलतात," खंडू म्हणाला. "बारशाचं मी उगाच विसरलो." पंत ही बातमीही घेऊन उडाले. आणि संध्याकाळी आबासाहेबांचा निरोप आला: मान पुन्हा ताठ झाली असं ऐकतो. मुलीला माहेरी धाडून द्या.

"आता काय करू?" तेजरावाने इंदूला विचारलं. "मी तसाच आहे. फक्त गाडी बदलली."

"तेच तर," इंदू म्हणाली. तिने जीपची किल्ली उचलली. "ही सोपानरावांना देऊन टाकू. बिचारे पायी पायी फिरतात. आणि तुम्ही उद्यापासून लाल गाडीच काढायची."

तसंच झालं. तेजराव दुसऱ्या दिवशी लाल गाडीतून निघाला, गोदाक्काच्या दारात कुशीवर वळला, आणि सगळं जंगल म्हणालं, काल बिचाऱ्याला बरं नसेल. आबासाहेबांनी निरोप मागे घेतला. इंदू घरीच राहिली.

पण एक अडचण झाली. तेजराव थांबतो, हे सगळ्यांना फार आवडायला लागलं. तो जरा जास्त वेळ थांबावा, म्हणून गोदाक्काने ब्रेकर बोटभर उंच केला. ते पाहून खंडूने केला. सशाने तिसरा घातला. आता तेजराव सकाळी निघाला की कुठेही पोहोचत नाही. पण कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचं पिल्लू चालायला लागलं, नीलगायीच्या पायाला कुठला पाला लागू पडला, हे त्याला सगळं ठाऊक असतं. मागे एकदा इंदूने त्याला ओढ्यावर पाहिलं. आसपास कुणी नव्हतं, गाडीही नव्हती. तो काठावर उभा राहून, मान खाली घालून पाणी पीत होता. ती काही न बोलता घरी आली. तिला फार बरं वाटलं होतं.

आणि सोपान? तो जीपमधूनही प्रत्येक दाराला वाकून नमस्कार करतो. पण जीप इतकी उंच की खालून तो कुणाला दिसतच नाही. नुसती धूळ दिसते. सगळे म्हणतात, जीप आली आणि सोपान माजला.

तात्पर्य: मुलांनो, नम्रता मनात असून भागत नाही, ती गाडीच्या पोटाखाली असावी लागते. म्हणून ज्याला वाकता येत नाही, त्याने बुटकी गाडी घ्यावी. आणि जो मुळातच नम्र आहे, त्याने कुणी फुकट दिली तरी उंच गाडीत बसू नये.